परदेश प्रवासात ई-सिम घ्यावं की साधं सिमकार्ड? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओळखीतलं कुणी परदेशी निघालं की तिकीट आणि व्हिसा हातात पडल्यावर पुढचा फोन मला येतो: "सिमचं काय करू?" तेच ते प्रश्न, तीच ती उत्तरं. म्हणून एकदाच सगळं लिहून काढलं.

माझा कल आधीच सांगून टाकते. घरचं सिम फोनमधून काढू नका आणि परदेशातल्या इंटरनेटसाठी शेजारी एक ई-सिम टाका. बहुतेकांना एवढं पुरतं. ज्यांना पुरत नाही त्यांच्यासाठी खाली बरंच आहे.

ई-सिम म्हणजे नेमकं काय? ते दिसतं कसं?

दिसत नाही. साध्या सिमकार्डात कामाची असते ती सोनेरी चिप, भोवतीचं प्लास्टिक केवळ धरायला. १९९१ साली पहिली सिमकार्डं आली तेव्हा ती अख्ख्या क्रेडिट कार्डाएवढी होती. मग मिनी, मायक्रो असं करत प्लास्टिक झिजत गेलं आणि २०१२ मध्ये १२.३ बाय ८.८ मिलिमीटरचं नॅनो सिम आलं. पुढची पायरी म्हणजे प्लास्टिक टाकूनच द्यायचं आणि चिप फोनच्या आत कायमची बसवायची. तेच ई-सिम. कंपनीचा जो मजकूर पूर्वी कार्डात भरून मिळायचा तो आता इंटरनेटवरून फोनमध्ये उतरवायचा. त्याला 'प्रोफाइल' म्हणतात. एका फोनमध्ये अशी अनेक प्रोफाइल ठेवता येतात, मात्र एका वेळी चालू राहतात साधारण दोनच नंबर.

ई-सिमला रेंज किंवा स्पीड जास्त मिळतो का?

नाही. टॉवर तोच, लहरी त्याच. फरक पडतो तो तुमची कंपनी त्या देशातल्या कुठल्या नेटवर्कवर चालते याचा. म्हणून विकत घेण्याआधी पॅकच्या माहितीत त्या देशातल्या नेटवर्कचं नाव शोधा. ते नावच दिलं नसेल तर मी तो पॅक घेत नाही.

माझ्या फोनमध्ये ई-सिम चालेल की नाही हे कसं कळणार?

डायल पॅडवर *#०६# दाबा. आयएमईआय म्हणजे फोनचे ओळख क्रमांक दिसतील. त्यांच्यासोबत 'ईआयडी' नावाचा ३२ आकडी नंबर दिसला तर फोनमध्ये ई-सिमची चिप आहे. आयफोनमध्ये २०१८ च्या एक्सएस आणि एक्सआरपासून ती सोय आली, गूगलच्या पिक्सेलमध्ये २०१७ च्या पिक्सेल २ पासून.

फक्त मॉडेलच्या नावावर विसंबू नका. चीनमध्ये विकल्या गेलेल्या बहुतेक आयफोनमध्ये दोन साधी सिम बसतात आणि ई-सिम मुळी नसतंच. उलट अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोन १४ पासून सिमचा ट्रेच काढून टाकलाय, आणि आयफोन एअरला तर जगात कुठेच ट्रे नाही. असा फोन हातात असेल तर 'कुठलं घेऊ' हा प्रश्न कंपनीनेच सोडवलेला आहे. अँड्रॉइडमध्येही एकाच नावाच्या फोनला एका देशात ई-सिम असतं आणि दुसऱ्यात नसतं.

दुसरी अडचण लॉकची. हप्त्यावर किंवा कंपनीच्या प्लॅनसोबत घेतलेला फोन बऱ्याचदा त्याच कंपनीशी बांधलेला असतो. त्यात दुसरं सिम चालत नाही, मग ते ई असो वा साधं. आयफोनच्या सेटिंगमध्ये 'अबाउट'च्या पानावर 'कॅरिअर लॉक'समोर 'नो सिम रिस्ट्रिक्शन्स' दिसलं की फोन मोकळा. इतर फोनचं म्हणाल तर दुसऱ्या कंपनीचं कुणाचंही सिम दोन मिनिटं घालून बघणं हा सगळ्यात खात्रीचा उपाय.

घरचं सिम काढावं लागतं का? आणि बँकेचे ओटीपी?

खरा प्रश्न हाच आहे. बाकीचे सगळे याच्या मागून येतात.

असं समजा की तुम्ही विमानतळावर स्थानिक सिमकार्ड घेतलं, घरचं काढून पाकिटात ठेवलं. इंटरनेट झकास चालतंय. रात्री हॉटेलच्या काउंटरवर उभं राहून फोनवरून कार्डाने ऑनलाइन पैसे भरायला गेलात, बँकेने ओटीपी पाठवला. तो गेला कुठे? पाकिटातल्या सिमच्या नंबरावर. मागे लोक खोळंबलेत आणि तुम्ही तिथे उभ्याउभ्या सिमचा ट्रे उघडायला पिन शोधताय. हा प्रसंग माझ्यावर आलेला आहे. शेवटी कानातल्याच्या मागच्या दांडीने ट्रे उघडला.

ई-सिमची मोठी सोय स्वस्ताई नाही, स्पीडही नाही. घरचा नंबर जागेवर जिवंत राहतो, ही आहे. फोनमध्ये दोन ओळी दिसतात, त्यांना नावं द्या: 'घर' आणि 'प्रवास'. मग चार गोष्टी बघा:

- मोबाइल डेटा 'प्रवास'वर.
- 'घर'चं डेटा रोमिंग बंद.
- 'प्रवास'चं डेटा रोमिंग चालू.
- एका सिमचा डेटा नसेल तेव्हा आपोआप दुसऱ्याचा वापरण्याची मुभा बंद. आयफोनमध्ये तिचं नाव 'अलाउ सेल्युलर डेटा स्विचिंग'.

चौथी गोष्ट लोक हमखास विसरतात. त्यात 'घर'चं रोमिंगही चुकून चालू राहिलं असेल तर प्रवासाच्या सिमची रेंज क्षणभर गेली की फोन गुपचूप घरच्या सिमचा डेटा ओढायला लागतो, आणि ते बिल पुढे महिनाभर आठवत राहतं.

निघण्याआधी घरच्या कंपनीकडे तीन गोष्टी विचारून घ्या. नंबरावर आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू आहे ना? कारण ते सुरूच नसेल तर परदेशात नेटवर्क पकडणार नाही आणि ओटीपीही येणार नाही. येणाऱ्या एसएमएसला पैसे पडतात का? आणि येणाऱ्या कॉलला किती पडतात? एसएमएस बऱ्याच ठिकाणी फुकट असतो, कॉल उचलणं क्वचितच.

प्रवासी ई-सिमसाठी रोमिंग चालू कशाला? रोमिंग तर टाळायचंय ना?

शंका रास्त आहे. पण असं बघा: प्रवाशांसाठीचं ई-सिम पुष्कळदा तुम्ही जाताय त्या देशाचं नसतंच. ते तिसऱ्याच देशातल्या कंपनीचं असतं आणि तुमच्या मुक्कामी पाहुणं म्हणून राहतं. म्हणजे ते स्वतःच रोमिंगवर असतं, फक्त त्याचे पैसे तुम्ही पॅकमध्ये आधीच भरलेत. रोमिंगचं बटण बंद ठेवलं तर त्याला आत घेणारं कुणी नाही. 'ई-सिम टाकलं, सिग्नलच्या दांड्या दिसतात, पण नेट नाही' या तक्रारीमागे बहुतेक वेळा एवढंच कारण असतं.

याच पाहुणेपणामुळे आणखी एक गंमत होते. तुमचं इंटरनेट त्या तिसऱ्या देशातून फिरून येतं. तुम्ही रोममध्ये असता आणि वेबसाइट तुम्हाला भलत्याच भाषेत दिसते, भलत्याच देशाचे दर दाखवते. थोडी दिरंगाईही होते. व्हिडिओ बघताना ती जाणवत नाही, ऑनलाइन गेम खेळणाऱ्याला जाणवते.

व्हॉट्सॲपचा नंबर बदलेल का?

नाही. खातं ज्या नंबरावर उघडलंय त्यावरच राहतं, फोनमध्ये सिम कुठलंही असो. ॲपने 'नंबर बदलायचा का' विचारलं तर नाही म्हणा आणि पुढे चला. प्रवासात ॲप काढून पुन्हा टाकण्याचा उद्योग मात्र करू नका, कारण तेव्हा घरच्या नंबरावर पडताळणीचा कोड लागतो.

ई-सिम कधी बसवू? घरी की तिथे उतरल्यावर?

घरी, निघण्याच्या एक-दोन दिवस आधी, वायफायवर. बसवायला इंटरनेट लागतं आणि उतरल्यावर तेच तर आपल्याकडे नसतं. विमानतळावर फुकट वायफाय असतं खरं, पण त्यातली काही आत घेण्याआधी मोबाइलवर ओटीपी पाठवतात. म्हणजे नेटसाठी ओटीपी, ओटीपीसाठी नेटवर्क आणि नेटवर्कसाठी नेट. तहान लागल्यावर विहीर खणायला बसण्यातला प्रकार.

एक गोष्ट मात्र आधी वाचा: मुदत कधी सुरू होते? काही पॅकचे दिवस बसवल्याबरोबर मोजायला लागतात, काहींचे त्या देशातलं नेटवर्क पहिल्यांदा पकडल्यावर. दुसऱ्या प्रकारचा घ्या आणि निवांत आधी बसवून ठेवा. पहिल्या प्रकारचा असेल तर निघायच्या दिवशी बसवा.

क्यूआर कोड त्याच फोनवर आलाय. तो स्कॅन कसा करू?

हा प्रश्न विचारताना लोक उगाच लाजतात. कोड दुसऱ्या स्क्रीनवर उघडा किंवा कागदावर छापून घ्या. तेही जमत नसेल तर कोडसोबत आलेला कंपनीच्या सर्व्हरचा पत्ता आणि सक्रियतेचा कोड सेटिंगमध्ये हाताने टाइप करता येतो. क्यूआरमध्ये लपलेलंही तेवढंच असतं. नव्या आयफोनवर कोडच्या चित्रावर बोट दाबून धरलं तरी ई-सिम बसवण्याचा पर्याय येतो.

चालत नव्हतं म्हणून ई-सिम डिलीट केलं. आता तोच कोड पुन्हा चालेल?

बहुतेक नाही. बरेचसे कोड एकदाच वापरता येतात. काही कंपन्या विनवण्या केल्यावर नवा देतात, काही देत नाहीत. म्हणून नियम साधा: अडचण आली की बंद करून चालू करा, फोन रीस्टार्ट करा, हाताने नेटवर्क निवडून बघा, कंपनीने दिलेला एपीएन (इंटरनेट जोडणीचं सेटिंग) तपासा. डिलीटच्या बटणाला हात लावू नका. दोन सारखी नावं दिसत असताना चुकून घरचं ई-सिम उडवणारेही मी पाहिलेत. नावं द्या म्हणते ती त्यासाठीच.

मग साधं सिमकार्ड कुणी घ्यावं?

बऱ्याच जणांनी. ई-सिमच्या जाहिराती वाचून साधं सिम म्हणजे जुनापुराणा मामला वाटतो, पण तसं नाही.

महिन्याहून जास्त राहायचंय, घर भाड्याने घ्यायचंय, बँकेत खातं उघडायचंय, दवाखान्यात नाव नोंदवायचंय, तर तिथला स्थानिक नंबर लागतोच. प्रवासी ई-सिम बहुधा फक्त डेटा देतं, नंबर देत नाही. शिवाय मुक्काम लांबला की स्थानिक कंपनीचा महिन्याचा प्लॅन प्रवासी पॅकपेक्षा बहुतेक ठिकाणी स्वस्त पडतो. आता अनेक देशांत स्थानिक कंपन्याही ई-सिम देतात, तेव्हा 'स्थानिक' म्हणजे 'प्लास्टिक'च असं नाही. दुकानात विचारून बघा.

फोन जुना असेल तर प्रश्नच मिटला. आणि फोन पडून फुटला तर साधं सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घातलं की दोन मिनिटांत काम सुरू. ई-सिम असं उचलून नेता येत नाही. ते दुसरीकडे न्यायला कंपनीची परवानगी, इंटरनेट आणि बऱ्याचदा जुना फोन चालू स्थितीत लागतो. डोंगरात, समुद्रावर किंवा कामाच्या धबडग्यात फोन फुटण्याची शक्यता असणाऱ्यांनी हा मुद्दा हलक्यात घेऊ नये.

कागदपत्रांचं म्हणाल तर देशादेशात फरक आहे. जर्मनीत २०१७ पासून प्रीपेड सिमला ओळखपत्राची पडताळणी लागते, चीनमध्ये पासपोर्ट लागतो, ब्रिटनमध्ये मात्र दुकानातून पाकीट उचलून पैसे देऊन बाहेर पडता येतं.

काढलेलं घरचं सिम ठेवायचं कुठे?

पाकिटाच्या नाण्यांच्या कप्प्यात तर अजिबात नाही. नॅनो सिम नखाएवढं असतं. विमान उतरत असताना उतावळेपणाने सिम बदलायला गेलेल्या एका बाईंचं सिम सीटच्या फटीत पडलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. पुढची दहा मिनिटं तीन प्रवासी गुडघ्यांवर होते. चिकटपट्टीने सिम एका जाड कागदावर चिकटवा, सोनेरी बाजूला चिकटपट्टी लागू देऊ नका आणि तो कागद पासपोर्टच्या कव्हरमध्ये ठेवा. ट्रे उघडायची पिनही तिथेच.

सिमला कुलपाचा आकडी कोड, म्हणजे 'सिम पिन', लावलेला असेल तर तो आठवतो का हे निघण्यापूर्वी बघा. तीन वेळा चुकला की पीयूके (कुलूप उघडायचा कंपनीचा दुसरा कोड) मागतं आणि तो दहा वेळा चुकला की सिम कायमचं गेलं.

फक्त डेटा असेल तर फोन कसा करायचा?

घरच्यांशी ॲपवरून बोला. हॉटेल, टॅक्सी, दवाखाना यांच्या साध्या नंबरावर फोन करायचा तर इंटरनेटवरून कॉल लावणाऱ्या ॲपमध्ये थोडे पैसे भरून ठेवा. घरची कंपनी 'वायफाय कॉलिंग' देत असेल तर हॉटेलच्या वायफायवरून घरच्या नंबराने फोन लागतो. मात्र काही कंपन्या ते परदेशात चालू देत नाहीत, आणि देतात त्या त्याला घरचा दर लावतात की रोमिंगचा, हे आधी विचारा.

सगळीकडे ॲपचे कॉल चालतात असंही नाही. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सॲपचे संदेश जातात, कॉल वर्षानुवर्षं अडवलेले आहेत.

चीनमध्ये काय घ्यावं?

इथे प्रवासी ई-सिमचं ते पाहुणेपण कामी येतं. स्थानिक सिमवर गूगल, व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम बंद. बाहेरच्या देशाच्या ई-सिमवर इंटरनेट बाहेरून फिरून येत असल्याने ती बहुधा चालतात. हॉटेलच्या वायफायला जोडलं की मात्र पुन्हा चीनच्या इंटरनेटबंदीच्या भिंतीच्या आत. 'काल चालत होतं, आज नाही' याचं उत्तर बऱ्याचदा ते वायफाय असतं.

एकाच दौऱ्यात अनेक देश आहेत.

युरोपीय संघात १५ जून २०१७ पासून एका देशाचं सिम दुसऱ्या देशात जादा पैसे न मोजता चालतं, डेटाची थोडी मर्यादा असते इतकंच. नॉर्वे आणि आइसलँडही त्यात येतात. स्वित्झर्लंड आणि ब्रिटन येत नाहीत, आणि घोळ होतो तो तिथेच. आल्प्सच्या सहलीत गाडी सीमा कधी ओलांडते ते कळतही नाही, फोनला मात्र लगेच कळतं. 'युरोप' नावाचा पॅक घेताना देशांची यादी उघडून आपले सगळे देश एकेक करून टिपा.

किती डेटा लागेल? 'अनलिमिटेड' घेऊ का?

नकाशा, संदेश, थोडं वाचन यांना फार लागत नाही. ॲपवरचा साधा कॉल मिनिटाला सुमारे एक एमबीच्या आतबाहेर खातो. खरा खादाड व्हिडिओ: एचडी दर्जाचा तासाला तीन जीबीपर्यंत जाऊ शकतो. दुसरा खादाड दिसत नाही. तो म्हणजे दिवसभर काढलेले फोटो क्लाउडवर चढवणारा बॅकअप. फोटोंचा बॅकअप आणि ॲपचे अपडेट 'फक्त वायफायवर' ठेवा, नकाशे आधी उतरवून घ्या, मग लहान पॅकही पुरतो.

'अनलिमिटेड'च्या खाली बारीक अक्षरांत दिवसाची मर्यादा लिहिलेली असते. ती ओलांडली की स्पीड इतका खाली येतो की नकाशाही उघडेना. हॉटस्पॉट चालतो का तेही त्याच बारीक अक्षरांत सापडेल.

फोन चोरीला गेला तर?

इथे ई-सिम बरं. चोर पहिल्यांदा सिम काढून फेकतो, ई-सिम त्याला काढता येत नाही, म्हणून फोन शोधायला थोडा जास्त वेळ मिळतो. पण तुमचा घरचा नंबरही त्याच फोनसोबत गेला, हे विसरू नका. घरच्या कंपनीचा परदेशातून लागणारा मदतीचा नंबर कागदावर लिहून सामानात ठेवा. फोनमध्ये ठेवून काय उपयोग?

जहाजावर, विमानात?

क्रूझवर आणि काही विमानांत उपग्रहावरून चालणारं स्वतंत्र नेटवर्क असतं. ते तुमच्या पॅकमध्ये जवळजवळ कधीच नसतं आणि त्याचे दर डोळे पांढरे करणारे असतात. फ्लाइट मोड लावा आणि वायफाय घ्या.

आई-बाबा एकटेच निघालेत. त्यांच्यासाठी?

कागदावर जे उत्तम तेच त्यांना देऊ नका. दोन ओळी, दोन रोमिंगची बटणं, यातलं एक चुकून दाबलं गेलं तर ते हजारो किलोमीटरवरून दुरुस्त करणं कठीण. ई-सिम द्यायचं असेल तर तुम्ही स्वतः बसवून, सगळी बटणं लावून, पडद्याचा फोटो काढून स्वतःकडे ठेवा, म्हणजे फोनवर 'वरून तिसरं बटण' असं सांगता येईल. ते जमणार नसेल तर घरच्याच कंपनीचा रोमिंग पॅक घ्या. चार पैसे जास्त जातील, पण त्यांना काहीच करावं लागणार नाही. माझ्या सासूबाईंना मी तेच दिलं.

परत आल्यावर घरी नेटच चालत नाही!

मोबाइल डेटा अजून 'प्रवास'वर आहे. तो 'घर'वर करा. प्रवासाचं ई-सिम पुन्हा रिचार्ज करता येण्यासारखं असेल तर डिलीट न करता नुसतं बंद करून ठेवा.